ज्याचा ढिगारा त्याच्या दारात

गाव पडायच्या आधीच पडलेलं गाव उचलायचं कसं, याची काळजी वाहणारा माणूस आमच्या बीड जिल्ह्यात एकच झाला आणि तो माझा थोरला साडू होता. त्या माणसाचं भर सभेत हसं करणारा, आणि पुढे त्याचा शब्द ट्रॅक्टरखाली घालणारा माणूसही एकच झाला, तो मी. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. साडूभाऊंच्या गमती सांगायला लागलो की तुम्ही हसाल, मीही हसेन, आणि हसण्याच्या नादात माझा अपराध मागे पडेल. तो मागे पडू नये. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा मी सेवा सोसायटीचा चेअरमन होतो, खिशाला दोन पेनं लावत होतो, आणि गावाचं भलं कशात आहे हे आपल्यालाच कळतं अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती.

साडूभाऊंची उभी हयात एका साखर कारखान्याच्या यार्डात गेली. उसाच्या बैलगाड्या कुठून आत घ्यायच्या, कुठे थांबवायच्या आणि रिकाम्या कुठून बाहेर काढायच्या, एवढंच त्यांचं काम. पण ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की नोकरी संपली तरी उजवा हात आडवा करायची सवय संपली नाही. गाव त्यांना यार्डआप्पाच म्हणायचं. देवळाच्या कोपऱ्यावर उभे राहून ते म्हशींना आडवा हात करत. म्हशी थांबत नसत. मग ते म्हशींच्या मालकाला बोलत. एकदा समोरासमोर दोन वराती आल्या तेव्हा साडूभाऊंनी घोड्यावरच्या एका नवरदेवाला हात करून थांबवलं आणि दुसऱ्याला सोडलं. थांबलेला नवरदेव आमच्याच भावकीतला होता. त्याचा बाप तणतणत आला. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "रिकामी गाडी आधी थांबवायची असती. तुजा नवरदेव अजून रिकामाच हाय. त्यांची नवरी भरून आलीय."

कुठल्याही गोष्टीचा शेवट त्यांना सुरुवातीलाच दिसायचा. पंगतीला बसले की पहिला घास घेण्याआधी ते मान वळवून उष्ट्या पत्रावळ्या कुठे टाकणार ते बघत, आणि जागा पसंत पडली नाही तर उठून यजमानाला बाजूला घेत. मटणाच्या जेवणात तर ताट वाढलं की डाव्या कोपऱ्यात बोटानं एक गोल काढायचे. ही हाडकांची जागा. त्या गोलात रस्सा आला की त्यांची भूकच जायची. माझ्या पुतणीसाठी आम्ही मुलाकडचं घर बघायला गेलो होतो. घर नवं, वर स्लॅब, पुढे पोर्च. सगळे सोफ्यावर बसून चहा पीत होते आणि साडूभाऊ भिंतीला टिचक्या मारत फिरत होते. फिरून आले आणि मुलाच्या वडलांना विचारलं, "झाक हाय घर. पन हे पडलं तर मलबा कोन्त्या अंगानं काडनार?"

मुलाच्या वडलांचा चहा बशीतच राहिला. "पडंल कावून?"

"पडू नये हीच इच्छा. पन पडलं तर? मागं गल्ली न्हाई, म्होरं पोर्च घातलाव. ट्राली कुठं लावायची?"

परतीच्या वाटेवर आमचा भाऊ जीपमध्ये त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. पण सोयरीक जुळली. मुलाचा आजा म्हणे रात्री जेवताना म्हणाला, "ज्या घरात असं इचारनारं मानूस हाय, त्या घरची पोरगी करा." साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग गल्ली सोडली का मागं?"

गावातल्या प्रत्येक घरावर त्यांनी गेरूनं एक बाण काढला होता. घर पडलं तर कोणत्या बाजूला पडेल ते दाखवणारा. मारुतीच्या देवळावरही काढला होता, पुजाऱ्यानं आरडाओरडा केला तेव्हा पुसला आणि म्हणाले, "देवाचं देव बघून घेत्याल." मग एका दुष्काळी उन्हाळ्यात त्यांनी रंगीत तालीम ठरवली. सोजराबाईचं घर पडलंय असं धरून चालायचं, आणि गाड्या वेशीतून आत येऊन ओढ्याच्या वाटेनं बाहेर पडायच्या. बैल सगळे चारा छावणीत, म्हणून गाड्या माणसांनी ओढल्या. सोजराबाईला घर पडलेली बाई म्हणून लिंबाखाली बसवलं होतं. बिचारी हसतच बसली होती. पण आपली वाकळ, आपला पाटा, आपली दुरडी गाडीवर चढून चाललेली पाहिली आणि तिला खरोखर रडू फुटलं. तिला बघून शेजारणी रडायला लागल्या. दुपारपर्यंत बातमी तिच्या माहेरी, चकलांब्याला पोचली आणि संध्याकाळी सोजराबाईचे भाऊ भाकरीचं गाठोडं घेऊन सांत्वनाला आले. घर जागच्या जागी उभं पाहून त्यांना राग आवरेना. साडूभाऊंनी त्यांनाही हात आडवा केला. "थांबा. आलावच तर जेऊन जा. पन या गल्लीतून न्हाई, त्या गल्लीतून बाहेर पडा. ही आत यायची हाय."

ही गंमत मी सोसायटीच्या बैठकीत कित्येकदा रंगवून सांगितली. साडू म्हटल्यावर थट्टेचा हक्क आहेच, अशी माझी सोयीची समजूत होती.

पण त्या माणसाच्या डोक्यात जे चाललं होतं ते सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्याकडची जुनी घरं मातीची. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि वर लाकडावर मातीचंच माळवद. त्या माळवदावर दरवर्षी पावसाच्या आधी नवी माती टाकून ती चोपावी लागते, तेव्हा ते पाणी धरत नाही. तीन वर्षं पाऊसच झाला नव्हता. मग माती कोण टाकणार आणि चोपणार कोण? शिवाय निम्मं गाव दसरा झाला की घराला कुलूप लावून ऊसतोडीला जायचं ते पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. माळवदं भेगाळली, वाळवी लागली, पण पाणी नव्हतं म्हणून उभी राहिली. सोसायटीच्या वार्षिक सभेत साडूभाऊ हात वर करून उठले.

"ज्या दिशी पानी यील त्या दिशी घरं बसत्याल," ते म्हणाले. "आन् मालक असत्याल उसात. म्हनून आत्ताच ठरवा. ज्याचा ढिगारा त्याच्या दारात. कुनी मिसळायचा न्हाई, कुनी न्यायचा न्हाई. दाराची चौकट वढून ढिगाऱ्यावर उभी करायची, म्हंजी मालकाला आपलं दार वळखू यील."

मी अध्यक्षांच्या खुर्चीत होतो. मी म्हणालो, "साडूभाऊ, आधी तुम्ही पाऊस पाडा. मलब्याचं पुढच्या सभेत घेऊ."

सभा खदखदून हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, छावनीतल्या शेनाचं बी नियोजन करा की!"

साडूभाऊ हसणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हासून झालं आसंल तर इषय ल्हिवून घ्या." मी विषय तहकूब केला.

सभेनं ऐकलं नाही तरी ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी ऐकलं. दसऱ्यानंतर ट्रक भरत होते तेव्हा साडूभाऊ प्रत्येक कुटुंबाला भेटून शब्द देत होते. त्यात एक इंदूबाई होती. तिच्या घरात देवाचे टाक होते. चांदीच्या लहान पत्र्यांवर उठवलेले कुलदैवत, आणि त्यांच्याशेजारी वारलेले सासू-सासरे. उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत देव नेता येत नाहीत. म्हणून तिनं ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून वरून मातीनं लिंपून टाकले होते, आणि ही गोष्ट फक्त साडूभाऊंना सांगितली होती. "दिवा न्हाई लागला तरी चालंल आप्पा, पन भितीकडं ध्यान ऱ्हाऊ द्या." साडूभाऊ म्हणाले, "भित पडली तरी तुजीच ऱ्हाईल." हे मला फार उशिरा कळलं. पण खरं सांगायचं तर, आधी कळलं असतं तरी मी वेगळा वागलो असतो याची मला खात्री नाही.

शिमग्याच्या सुमाराला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गारा आल्या आणि मागून रात्रभर पाऊस झाला. सकाळी गाव बसलेलं होतं. राहती घरं बरीचशी वाचली, कारण आतल्या माणसांनी गळतीखाली धावपळ केली होती. कुलूपबंद घरं ओळीनं खाली आली. कुणी दगावलं नाही. साडूभाऊंच्या घराची मागची भिंतही पडली होती, आणि मी पोचलो तेव्हा ते चिखलात उभे राहून हळहळत होते. "बान उत्तरंकडं काडलाय आन् भित दक्षिनंकडं पडली!" माझी थोरली मेव्हणी आतून कडाडली, "म्हस वाचली ते बघा की! बान कसला घेऊन बसलाव!"

मग त्यांनी शिट्टी काढली, आणि मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही असं काम गावाकडून करून घेतलं. ज्यांनी सभेत हसून पोट धरलं होतं तेच लोक त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर पळत होते. प्रत्येक घराची माती, लाकूड, भांडी त्या त्या घराच्या जागेवरच गोळा झाली आणि प्रत्येक ढिगाऱ्यावर त्या घराची चौकट उभी राहिली. काही चौकटींत दारं तशीच होती आणि दारांना कुलपं तशीच होती. मागे घर नाही, पुढे अंगण नाही, आणि मातीच्या ढिगावर कुलूप लावलेलं दार! साडूभाऊंनी सोसायटीतल्या फोनवरून कारखान्यावर निरोप धाडला. मुकादमांना सांगितलं, "माझ्या मान्सांना सांगा, घर पडलंय पन दारात हाय. काम टाकून यिऊ नका." माणसं त्यांच्या शब्दावर तिथेच थांबली.

आता माझं. ढिगाऱ्यांच्या कडा घसरून गल्ल्या अडल्या होत्या हे खरं. पाहणीला कारखान्याचे मोठे लोक येणार होते हेही खरं. पण जुन्या भिंतीची पांढरी माती म्हणजे रानाला सगळ्यात चांगलं खत, माझं रान गावाला लागून होतं, आणि तीन वर्षांनी जमिनीत ओल आली होती. हे तिसरं कारण मी कुणापाशी बोललो नाही. सोसायटीचा ट्रॅक्टर मागवला आणि सांगितलं, रस्ते मोकळे करायचे, माती तात्पुरती माझ्या रानात टाका.

साडूभाऊ ट्रॅक्टरपुढे आडवे झाले. "थांबव बे!" ते ड्रायव्हरवर ओरडले, आणि मला म्हणाले, "आत मान्सांची चीजवस्तू हाय. एक ट्राली जानार न्हाई."

"फुटकी मडकी आहेत," मी म्हणालो.

"फुटकी आसू द्या. त्यांची हायेत."

हात तसाच आडवा. गाव बघत होतं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "साडूभाऊ, हात खाली करा. हे यार्ड नाही, आणि तुम्ही आता कुणाचे साहेब नाही."

तो हात खाली आला. म्हशींनी मोडला नव्हता, वरातीनं मोडला नव्हता, माझ्या एका वाक्यानं खाली आला. साडूभाऊ बाजूला झाले. भरलेली ट्रॉली निघाली तेव्हा ते तिच्या मागोमाग चालत माझ्या रानापर्यंत गेले, ती कुठे रिकामी होते ते उभे राहून पाहिलं, आणि पुढच्या ट्रॉलीसाठी परत गावात आले. माती उचलायला दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस ते असंच करत होते. मला वाटलं, माणूस पार बिघडला.

पाडव्याला ट्रक परतले. इंदूबाई डोक्यावर बोचकं घेऊन गल्लीत आली आणि सपाट, झाडून काढलेल्या जागेपुढे उभी राहिली. बराच वेळ इकडंतिकडं पाहून तिनं विचारलं, "घर पडलं ते कळलंतं. पन पडलेलं घर कुठं हाय?"

सगळे सोसायटीच्या ओट्यावर जमले. तिचा नवरा साडूभाऊंच्या अंगावर धावून गेला. "आप्पा, तुमच्या शबदावर आमी आलो न्हाई! मुकादमाच्या पाया पडून आलो आस्तो! भितीत देव व्हते आमचे!"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खिशातलं पेन नीट करत होतो. मग ते त्या माणसाला म्हणाले, "गाड्यांची लई गर्दी झाली. माझ्याच्यानं आवरली न्हाई."

एवढंच. लोकांना तेवढं पुरलं. येड्याच्या नादी लागल्यावर दुसरं काय होणार, असं जो तो म्हणू लागला. ट्रॅक्टर कुणी आणला, माती कुठे गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण चेअरमनला कोण बोलणार? आणि चेअरमन आपणहून बोलला नाही. घरी गेलो तर बायकोनं किटली भरली होती. म्हणाली, "दाजींना च्या देऊन येते. तुमचा चुलीवर हाय, तुमचा तुमी घ्या."

दुसऱ्या दिवसापासून साडूभाऊ माझ्या रानात. जुन्या बाजेला जाळी ठोकून त्यांनी मोठी चाळण केली होती. कुठली ट्रॉली कुठे रिकामी झाली ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांनी रानात फक्कीनं रेघा मारून घराघराची जागा आखली आणि एकेका घराची माती चाळायला घेतली. माझ्या परवानगीचा प्रश्नच त्यांना पडला नाही. बांगड्यांचे तुकडे, पळी, जात्याची खुंटी, बाळाचा वाळा, जे सापडेल ते धुऊन ते त्या त्या दारात नेऊन ठेवत. येणारे-जाणारे बांधावरून ओरडत, "आप्पा, सोनं घावलं का?" साडूभाऊ चाळण न थांबवता म्हणत, "तुजं काय हरवलंय ते सांग, घावलं तर आनून दितो." पाऊस लागला तेव्हा मी बाकीचं रान पेरलं आणि त्यांच्या रेघांपुरता पट्टा सोडला. लोकांनी विचारलं तर सांगायचो, जमिनीला विश्रांती दिलीय. आणि जिथे माती आधीच पांगली होती तिथे माझी बाजरी गावात कुणाची नाही अशी आली. कणसं बघून लोक तारीफ करायचे. मला त्या रानाकडे मान वर करून बघवत नव्हतं.

मी मनाशी ठरवलं होतं की टाक सापडले की ते घेऊन इंदूबाईकडे जायचं आणि सगळं सांगायचं. म्हणून मीही चाळायला जाऊ लागलो. साडूभाऊंनी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. फक्त कुठल्या बाजूनं पाटी आणायची आणि कुठल्या बाजूनं न्यायची ते सांगितलं. पोळा गेला, गणपती गेले. दसरा तोंडावर आला. ट्रक पुन्हा लागणार होते, आणि इंदूबाई या वर्षी घरात देव न ठेवताच निघणार होती. टाक सापडले नव्हते.

एका सकाळी मी पाटी खाली ठेवली. "साडूभाऊ," मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांनी चाळण हलवायची थांबवली. "कुनापाशी?"

"तुमच्यापाशी. तुमचा शब्द मी मोडला. आणि तुम्ही माझ्यासाठी येडे ठरलात."

"मी येडा आदीपास्नंच हाय, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पन तिकडची माती इकडं कावून टाकताव? तिची माफी तिच्या दारात न्या."

"टाक सापडले की जाणार आहे."

"मंग ती माफी न्हाई, पोचपावती झाली." ते पुन्हा चाळायला लागले. थोड्या वेळानं हळू म्हणाले, "ती परवा जातीय. रिकाम्या हातानं जा. मी येतो संगं."

इंदूबाईनं त्याच जागी पत्र्याचं खोपट उभं केलं होतं. पुढे जुनीच चौकट होती. तेवढी साडूभाऊंनी त्या दिवशी ट्रॉलीतून ओढून घेतली होती. ती दारात बसून बोचकं बांधत होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "चेरमन? तुमी आमच्या दारात?"

साडूभाऊ गल्लीच्या तोंडाशीच थांबले होते, मी चौकटीच्या बाहेर थांबलो. शेजारच्या दारांतून माणसं डोकावत होती. मी घरून जे घोकून आलो होतो त्यातलं काही आठवेना.

"इंदूबाई, आप्पांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी तुमचं घर तुमच्या दारात ठेवलं होतं. ते मी उचललं. रस्त्यासाठी नाही, माझ्या रानाला खत हवं म्हणून नेलं. आणि तुम्ही घर कुठं आहे म्हणून विचारलंत तेव्हा मी तिथेच उभा होतो. तुमचे देव अजून सापडले नाहीत. मी रिकामाच आलोय. माझं चुकलं."

ती बोचक्याची गाठ हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला निघून जायचा धीर नव्हता. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. मी मान वळवली. एक भरली बैलगाडी आत शिरत होती, आणि तिच्यापुढे साडूभाऊ उभे होते, उजवा हात आडवा करून. गाडीवान काहीतरी कुरकुरला. साडूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि जोवर मी त्या दारात उभा होतो तोवर त्यांनी तो हात खाली केला नाही.